गुन्हा कबुलीची सवलत आणि शिक्षेवरचे अपील: सूट छापील किमतीवर आहे, बाजारभावावर नाही

फौजदारी न्यायालयाच्या आवारात एक सल्ला फुकट मिळतो: "कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा." सल्ला देणारा पुढच्या तारखेला दिसेलच असे नाही; कबुलीचा शिक्का मात्र नोकरीच्या चारित्र्य पडताळणीपर्यंत आणि पासपोर्टच्या अर्जापर्यंत मागे येतो. टीव्ही घेताना माणूस चार दुकाने फिरतो, वॉरंटीचे कार्ड वाचतो. इथे तेवढेही होत नाही. म्हणून हे परीक्षण: गुन्हा कबूल केल्यावर आपल्याकडे सूट किती मिळते, त्यातली खरी किती, आणि शिक्षा पटली नाही तर 'माल परत' करायची सोय, म्हणजे अपील, कितपत चालते. हिशेब १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा आहे आणि न्यायालये महाराष्ट्र-गोव्यातली. खाली कलमाचे नुसते आकडे येतात ते या संहितेचे. भारतीय न्यायसंहितेचे (गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा ठरवणारा कायदा) किंवा दुसऱ्या कायद्याचे असतील तिथे तसे म्हटले आहे.

कबुलीच्या खिडक्या दोन आहेत आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात.

पहिली खिडकी साध्या कबुलीची. दोषारोप वाचून दाखवल्यावर न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का. 'हो' म्हटले की सत्र न्यायालयात कलम २५२, वॉरंट खटल्यात (मोठ्या शिक्षेचे गुन्हे) २६४ आणि समन्स खटल्यात (किरकोळ गुन्हे) २७५ खाली आरोपीला तिथल्या तिथे दोषी ठरवता येते. या खिडकीवर दरपत्रक लावलेले नाही. शिक्षा ठरवताना न्यायाधीश कबुली लक्षात घेतात, पण किती आणि कशी, हे पूर्णपणे त्यांच्या विवेकावर. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या किंवा जुगाराच्या खटल्यात दंडावर भागते, म्हणून ही खिडकी गर्दीची. तुरुंगात भरणाऱ्या अदालतीतही हेच चालते: किरकोळ गुन्ह्यातला कच्चा कैदी कबुली देतो, आतापर्यंत भोगली तेवढीच शिक्षा होते आणि संध्याकाळी तो बाहेर पडतो. सुटका खरी, पण नावावर दोषसिद्धी चढलेली असते. पुढच्या वेळी पोलिसांनी उचलले की जामिनाच्या अर्जावर तीच आडवी येते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये या पहिल्याच खिडकीवर दरपत्रक आहे. तिथल्या शिक्षा परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे १ जून २०१७ पासून लागू आहेत. पहिल्याच टप्प्यावर कबुली दिली तर एक तृतीयांश सूट, त्यानंतर एक चतुर्थांश, आणि उतरत उतरत खटल्याच्या पहिल्या दिवशी एक दशांश. खटला चालू झाल्यावर तीही घसरत शून्यावर येऊ शकते. यातली मेख अशी की सूट वजा होते ती न्यायाधीशाने पूर्ण खटल्यानंतर जी शिक्षा दिली असती तिच्यातून. हा मुद्दा ध्यानात ठेवा. आपल्याकडचा घोळ नेमका इथेच आहे.

आपल्याकडची दुसरी खिडकी प्ली बार्गेनिंगची, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेची तडजोड. हिच्यावर दरपत्रक आहे. २००५ च्या दुरुस्तीने ही सोय आली, ५ जुलै २००६ पासून अमलात आली, आणि नव्या संहितेत ती कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा या प्रकाराला उघड विरोध होता. महाराष्ट्रातूनच गेलेल्या मुरलीधर मेघराज लोया खटल्यात (१९७६, खाद्यतेलातली भेसळ) न्यायालयाने अशा सौद्यावर कडक शब्दांत टीका केली होती.

आत कोणाला प्रवेश? ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ७ वर्षांच्या वर जात नाही त्यालाच. गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा मुलाविरुद्ध असेल तर दार बंद. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला बाधा आणणारे म्हणून अधिसूचित केलेल्या कायद्यांनाही बंद. हुंडाबंदी, कौटुंबिक हिंसाचार, अ‍ॅट्रॉसिटी हे त्यात येतात. त्याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्याचा अर्ज चालत नाही आणि बालन्यायाच्या प्रकरणांना हे प्रकरण लागूच नाही. अपघाती मृत्यूच्या खटल्यात मृत व्यक्ती स्त्री असेल तर 'स्त्रीविरुद्धचा गुन्हा' म्हणून हरकत येऊ शकते. त्याची तयारी ठेवूनच अर्ज करावा.

मुदत नवीन आहे आणि बहुतेक अर्ज तिच्यावरच आपटतात. दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यायचा. जुन्या कायद्यात असे बंधन नव्हते, त्यामुळे साक्षीदार फितूर होतात का ते पाहू, मग ठरवू, अशी वकिलांची सवय होती. ती आता महागात पडते. त्यात समन्स खटल्यात औपचारिक दोषारोप नसतोच, नुसता आरोपाचा तपशील सांगतात, मग ३० दिवस कुठून मोजायचे यावर वाद घालायला जागा आहे. वादात न पडता तपशील सांगितल्याच्या तारखेपासून मोजावेत. रोजनाम्याची (न्यायालयातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढून ती तारीख अर्जातच लिहावी.

अर्ज साधा आहे. खटल्याचे थोडक्यात वर्णन, गुन्ह्याचे कलम, आणि सोबत आरोपीचे प्रतिज्ञापत्र: शिक्षेचे स्वरूप व व्याप्ती समजून स्वेच्छेने अर्ज करीत आहे, आणि याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली नाही. नोटीस निघते. मग न्यायाधीश आरोपीला बंद दालनात, समोरचा पक्ष बाहेर ठेवून, एकट्याला विचारतात. हा टप्पा अनेक वकील उपचार समजतात आणि तिथेच अर्ज पडतो. आरोपी म्हणतो, "साहेब, मी काही केले नाही, पण वकील म्हणाले सही कर." मग न्यायाधीशांना खटला जिथे होता तिथून पुढे चालवण्यावाचून गत्यंतर नसते. ही चूक न्यायालयाची नव्हे; न्यायालयाने आपले काम चोख केलेले असते.

स्वेच्छेची खात्री पटली की वाटाघाटीला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. पोलीस खटल्यात टेबलाभोवती सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित बसतात. खासगी फिर्यादीत आरोपी आणि पीडित. प्रत्यक्षात अडते ते दोन गोष्टींवर. एक, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि तो तारखेला येत नाही; पहिल्याच दिवशी त्याला समन्स काढण्याची लेखी विनंती करावी. दोन, भरपाईचा आकडा. 'बघू, देऊ' यावर पीडित सही करत नाही, आणि का करावी? रकमेचा डिमांड ड्राफ्ट हातात असेल तर बैठक एकाच तारखेत संपते. तडजोड झाली की अहवाल तयार होतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या. नाही झाली तर तशी नोंद होऊन खटला पुढे सुरू. वाटाघाटीत आरोपीने जे सांगितले ते दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही, हे कलम २९९ चे संरक्षण आहे. या एका कलमाला पूर्ण गुण.

आता दरपत्रक, कलम २९३. गुन्ह्याला किमान शिक्षा ठरवून दिलेली असेल तर त्या किमान शिक्षेच्या निम्मी. आधी कधीही शिक्षा न झालेल्याला किमान शिक्षेच्या एक चतुर्थांश. किमान शिक्षा नसेल तर गुन्ह्याला ठरवलेल्या शिक्षेच्या एक चतुर्थांश, आणि प्रथमच सापडलेल्याला एक षष्ठांश. प्रथम गुन्हेगारासाठीचे हे दोन दर नव्या संहितेने आणले. जुन्यात सगळ्यांना एकच माप होते.

कागदावर हे इंग्लंडपेक्षा कितीतरी उदार दिसते. तिथे तिसरा हिस्सा कमी होतो, इथे फक्त सहावा हिस्सा भोगायचा! पण आकडे मांडून बघा.

साधी चोरी, न्यायसंहितेचे कलम ३०३(२), कमाल ३ वर्षे. एक चतुर्थांश म्हणजे ९ महिने, एक षष्ठांश म्हणजे ६ महिने. फसवणूक, न्यायसंहितेचे कलम ३१८(४), कमाल ७ वर्षे: २१ महिने किंवा १४ महिने. निष्काळजीपणाने मृत्यू, न्यायसंहितेचे कलम १०६(१), कमाल ५ वर्षे: १५ महिने किंवा १०. सूट मोजली जाते ती छापील कमाल शिक्षेवर, आणि छापील किमतीला शिक्षा सहसा कोणी विकत नाही. पहिल्यांदा चोरीत सापडलेल्या तरुणाला पूर्ण खटला चालवूनही न्यायालय पुष्कळदा काही महिने देते किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडते. ज्याला असे सुटता आले असते त्याला 'सवलतीत' ६ महिने पडतात.

फसवणुकीचे तर आणखी मजेदार आहे. न्यायसंहितेच्या कलम ३१८(४) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो आणि त्यांना मुळात ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही (कलम २३, दंडाची मर्यादा ५०,००० रुपये). म्हणजे त्या दुकानात सर्वात महाग माल ३६ महिन्यांचा, आणि सूट मात्र ८४ महिन्यांवर मोजून २१ महिने लावणार. दिवाळीच्या सेलमध्ये आधी किंमत वाढवून मग सूट लावतात, तसेच हे. प्ली बार्गेनिंग आपल्याकडे रुजले नाही याची कारणे शोधताना लोक वकिलांच्या फीपासून अज्ञानापर्यंत सगळे सांगतात; हे साधे त्रैराशिक मात्र सुटून जाते.

मग ही खिडकी कामाची केव्हा? किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात. समजा किमान १ वर्ष, कमाल ५ वर्षे. खटल्यात दोषी ठरला की न्यायाधीशांचे हात किमान १ वर्षाला बांधलेले. इथे मात्र ६ महिने, आणि प्रथम गुन्हेगाराला ३ महिने. ही सूट खरी. जिथे खाली उतरायला जिनाच नव्हता तिथे तो बांधून दिलेला आहे. दुसरे, जो आत आहे आणि ज्याने सहाव्या हिश्श्याइतका काळ आधीच काढला आहे त्याला, कारण कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात (कलम २९७ व ४६८). तिसरे, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका) मिळवण्यासाठी. त्याच कलम २९३ मध्ये आधी प्रोबेशनचा विचार सांगितला आहे, कलम ४०१ किंवा १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली. चतुर्थांश-षष्ठांशाची पायरी त्यानंतरची. म्हणून तडजोडीच्या मसुद्यात पहिली ओळ प्रोबेशनची हवी, भरपाईची नव्हे. ती लिहायची राहिली की पुढचा सगळा हिशेब महिन्यांत होतो.

अर्ज करण्यापूर्वी शेजारच्या दोन दुकानांत डोकावून यावे. एक, आपसात मिटवण्याजोगे गुन्हे, कलम ३५९. साधी दुखापत, साधी चोरी अशा बऱ्याच गुन्ह्यांत फिर्यादीने मिटवले की परिणाम निर्दोष सुटकेचा. भरपाई तेवढीच जाते, पण डाग लागत नाही. मिटवण्याजोग्या गुन्ह्यात प्ली बार्गेनिंगचा अर्ज करणे म्हणजे फुकट मिळणारी वस्तू हप्त्यावर घेणे. दुसरे, ५,००० रुपयांच्या आतली चोरी: पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर न्यायसंहितेनेच शिक्षा सामुदायिक सेवेची ठरवली आहे. तिथे ६ महिन्यांचा सौदा करणाऱ्या वकिलाला काय म्हणावे!

लवकर मिटवणाऱ्याला खरोखर टप्प्याटप्प्याने सवलत देणारी एक जागा आपल्याकडे आहे, आणि तिला सवलत असे कोणी म्हणत नाही: धनादेश न वटल्याचे खटले, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दामोदर प्रभू खटल्यात उशिरा मिटवणाऱ्यावर चढता खर्च लावला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या संजाबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर या प्रकरणात ते दर उतरवले. बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी धनादेशाची रक्कम भरली तर जादा खर्च काही नाही. त्यानंतर पण निकालाआधी रकमेच्या ५ टक्के. सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. हे पैसे विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात. दरपत्रक असावे तर असे; रस्त्यावरच्या माणसालाही हिशेब कळतो. निकालानंतर अपिलात गेलात तर त्याच कायद्याच्या कलम १४८ खाली दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम ६० दिवसांत भरण्याचा आदेश होऊ शकतो, तेही धरून चालावे.

आता परतीची खिडकी.

प्ली बार्गेनिंगमधून आलेल्या निकालावर अपील नाही. कलम २९५ स्पष्ट आहे: राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी, किंवा २२६ व २२७ खाली उच्च न्यायालयात रिट, एवढेच. शिक्षा जास्त वाटते, हे कारण तिथे सहसा चालत नाही. प्रक्रियेत फसवणूक किंवा दबाव झाला असेल तरच कोणी कान देते. सही करण्याआधी आरोपीला ही एक गोष्ट मराठीत, त्याच्या भाषेत, दोनदा सांगायला हवी.

साध्या कबुलीनंतर खिडकी अर्धी उघडी असते. कलम ४१६ प्रमाणे दोषी ठरवण्यावर अपील नाही, पण शिक्षेचे प्रमाण आणि कायदेशीरपणा यांवर आहे. (निकाल उच्च न्यायालयाचाच असेल तर तेही नाही.) कबुलीच खरी नव्हती, आरोप समजलाच नव्हता, अशी तक्रार असेल तर ती वेगळी मांडावी लागते, आणि तिचा आधार रोजनामा असतो. आरोपीचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत की 'गुन्हा कबूल' असा रबरी शिक्का मारलाय, ते आधी पाहावे. सौम्य शिक्षेचे आश्वासन देऊन कबुली घ्यायची आणि वरच्या न्यायालयात शिक्षा वाढवायची, हे अनुच्छेद २१ चे उल्लंघन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने थिप्पेस्वामी प्रकरणात १९८३ सालीच सांगितले आहे. अशा वेळी खटला नव्याने चालवायला परत पाठवतात, हेही समजून घ्यावे. सुटका होत नाही.

कुठे जायचे? न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर, किंवा कोणत्याही न्यायालयाने ७ वर्षांपेक्षा जास्त कैद दिली असेल तर, उच्च न्यायालयात. मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयासाठी ६०. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस वजा होतात, पण नक्कल अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, त्या दोन तारखांमधलेच. अर्जच विसाव्या दिवशी दिला तर आधीचे वीस दिवस गेलेच. म्हणून अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत तात्काळ आणि विनामूल्य मिळण्याचा हक्क कलम ४०४ मध्ये आहे. मागितली नाही तर टेबलावर राहते. किरकोळ दंडाच्या काही शिक्षांवर अपीलच नाही (कलम ४१७).

सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. सावंतवाडीहून मुंबई गाठण्याचा खर्च आणि एक मुक्काम ज्याने केला आहे त्याला याची किंमत सांगायला नको.

अपिलाच्या सेवेतला खरा माल म्हणजे शिक्षा स्थगिती. अंतिम निकाल दूरच राहतो. छोट्या मुदतीच्या शिक्षेत स्थगिती मिळाली नाही तर अपिलाची सुनावणी होईपर्यंत माणूस शिक्षा भोगून घरी आलेला असतो. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असे भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात १९९९ मध्ये म्हटले गेले आहे, आणि हा निकाल प्रत्येक अर्जात असतो. ३ वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर शिक्षा देणारे न्यायालयच अपिलापुरता जामीन देऊ शकते, कलम ४३०. इथली सर्वात सामान्य फजिती कायद्याची नसते, तयारीची असते. निकाल दुपारी लागतो, जामीनदार गावाला, आणि त्याच्या सातबाऱ्याचा ताजा उतारा नाही. मग एक रात्र, शनिवार असला तर दोन रात्री, आत. निकालाच्या तारखेला जामीनदार, त्याचे आधार कार्ड, ताजा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, फोटो आणि दंडाची रक्कम सोबत हवी. निर्दोष सुटलात तर कागद परत घेऊन जा.

स्थगितीच्या अर्जात विनंत्या वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. कैद स्थगित झाली म्हणून दंडाची वसुली आपोआप थांबत नाही. आणि कैद स्थगित झाली तरी दोषसिद्धी उभीच राहते. सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधी यांना तिची वेगळी स्थगिती मागावी लागते, जी क्वचित मिळते. १० वर्षे किंवा त्याहून मोठ्या शिक्षेत सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय सुटका होत नाही, तेव्हा त्या तारखा धरून चालावे.

शिक्षेवरच्या अपिलात काय चालते? 'घरी म्हातारे आई-वडील आहेत' हे वाक्य प्रत्येक मेमोत असते आणि एकटे असेल तर काही करत नाही. चालते ते असे. प्रोबेशन का नाकारले याची खास कारणे निकालात नाहीत, जी कलम ४०२ प्रमाणे द्यायला हवी होती. आरोपी २१ वर्षांखालचा होता आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच नाही. दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, हे निकालात लिहिलेलेच नाही. कच्च्या कैदेचे दिवस वजा केले नाहीत, किंवा चुकीचे मोजले. तुरुंगाचा दाखला जोडला की हा मुद्दा एका तारखेत सुटतो. दंड न भरल्यास दिलेली कैद गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून जास्त झाली. इथे एक बारीक काटा आहे: दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून कच्च्या कैदेचे दिवस वजा होत नाहीत. 'आत जाऊन फिटेल' म्हणून दंड न भरणारे इथे फसतात.

अपील केले तर शिक्षा वाढेल का, ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. दोषीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, कलम ४२७. वाढते ती सरकारने कलम ४१८ खाली वेगळे अपील केले तर, आणि तिथेही आरोपीला म्हणणे मांडायचा, इतकेच नव्हे तर निर्दोषत्वाचा युक्तिवाद करायचा हक्क असतो. पीडिताला मात्र शिक्षा कमी पडली म्हणून अपील करता येत नाही. निर्दोष सुटका, सौम्य गुन्ह्यात दोषी ठरवणे किंवा अपुरी भरपाई, या तीनच कारणांवर येते. पीडितांच्या बाजूने पाहिले तर ही सेवा सरळ सरळ तोकडी आहे.

सरकारी अपिलाने काय होते त्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राचेच, एम. एच. हॉस्कॉट या आरोपीचे. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड दिला होता. सरकार अपिलात गेले आणि उच्च न्यायालयाने ३ वर्षे केली. निकालाची प्रत येरवड्याला पाठवली गेली, पण आपल्या हातात पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे. याच प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, तिची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर सरकारने दिला पाहिजे. आज तुरुंगात नकलेवर सही घेतात, तिच्या मागे हा निकाल आहे.

तो वकील देणारी सेवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. २०२२ च्या योजनेनंतर जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये आली: पूर्णवेळ नेमलेले बचाव वकील, खासगी वकिली बंद, रिमांडपासून सत्र न्यायालयातल्या अपिलापर्यंत काम. कोठडीत असलेला कोणीही, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा ३ लाख रुपये. फोन १५१००. अर्ज एका पानाचा, तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रातही मिळतो. जुन्या पॅनेल पद्धतीपेक्षा ही नक्कीच बरी. रिमांड आणि जामिनाला पाचपैकी चार द्यावेत. शिक्षेवरच्या अपिलाला तीनच, कारण एका वकिलाकडच्या फायलींत अपील सर्वात खाली जाते. ते ओरडत नाही. नातेवाइकांनी नक्कल, तुरुंगाचा दाखला आणि कुटुंबाची कागदपत्रे स्वतः नेऊन दिली तर काम पटकन हलते. या सेवेत कोणी पैसे मागितले तर ते बेकायदा आहे; प्राधिकरणाच्या सचिवांकडे, म्हणजे न्यायाधीशांकडेच, लेखी तक्रार द्यावी. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी तिथली विधी सेवा समिती वेगळी आहे. जिल्ह्याने कागद पाठवले का, हे जावक क्रमांक घेऊन विचारत राहावे.

वकील मिळेपर्यंत थांबायचे नसेल तर कलम ४२४ आहे. आत असलेला माणूस अपिलाचा अर्ज आणि निकालाची नक्कल थेट तुरुंग अधीक्षकांकडे देऊ शकतो. पुढे न्यायालयात पाठवण्याची जबाबदारी त्यांची. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेला चालतो. अर्ज दिल्याची तारीख आणि नोंदवहीतला क्रमांक मुलाखतीला आलेल्या माणसाकडून घरी कळवावा. असा अर्ज मुदत संपण्याआधी संक्षेपाने (पूर्ण सुनावणीशिवाय) फेटाळता येत नाही. आणि तो तसा फेटाळला गेला, पण त्याच माणसाचे वकिलामार्फत केलेले रीतसर अपील विचारात घ्यायचे राहून गेले असेल, तर न्यायाच्या दृष्टीने गरज वाटल्यास न्यायालय ते दुसरे अपील ऐकू शकते, कलम ४२५. दोन्ही कागदांवर खटल्याचा क्रमांक आणि बंदी क्रमांक एकच लिहिलेला असावा, नाहीतर दोन वेगळ्या फायली होतात आणि एकीचा पत्ता दुसरीला लागत नाही.